बकुलची वही

भारतीय भाषांतील स्त्रीलिखित कादंबरीत कौटुंबिक गुपित हे पुष्कळदा केवळ कथानकाला गती देणारे साधन नसते. घराण्याच्या बखरीतून जे गाळले गेले, त्याचा तो माग असतो. आशापूर्णा देवी (१९०९–१९९५) यांच्या कादंबरीत्रयीत याचा ठळक प्रत्यय येतो. शाळेची पायरीही न चढलेल्या या बंगाली लेखिकेला ‘प्रथम प्रतिश्रुति’ (१९६४) या कादंबरीसाठी १९७६ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-साहित्यिक होत.

या कादंबरीतील निर्णायक घटना म्हणजे चोरून उरकलेले एक लग्न. सत्यवती कलकत्त्यात असताना तिची सासू एलोकेशी अजाण सुवर्णाचा विवाह लावून टाकते. आईला कळते तेव्हा सारे आटोपलेले असते. सत्यवती संसाराकडे पाठ फिरवून काशीला निघते. मात्र सुवर्णाच्या सासरी उरते ते एवढेच, की तिची आई घर टाकून गेली. फसवणूक विसरली जाते आणि फसवली गेलेली दोषी ठरते. हा कौटुंबिक न्याय आशापूर्णांनी कोणताही आक्रोश न करता दाखवला आहे.

‘सुवर्णलता’मध्ये सुवर्णा आपले आत्मकथन लिहिते. ते मुद्रणदोषांनी विद्रूप होऊन छापले जाते, घरचीच माणसे त्याला हसतात आणि ती सगळ्या प्रती गच्चीवर जाळते. पुढे मुलगी बकुल आईच्या हस्तलिखिताच्या शोधात छापखान्यात जाते. ते सापडत नाही. आजीची कथा बकुलच्या वहीतून घेतल्याचे लेखिकेने आरंभीच सांगितले आहे. ती वही म्हणजे अर्धी साक्ष, अर्धे अनुमान. समीक्षकांनी याची दखल कमीच घेतली. ‘बकुलकथा’ची वीण तुलनेने सैल आहे. तरी इतरांचे जीवन उलगडणारी बकुल ‘अनामिका देवी’ या नावाने लिहिते आणि स्वतःची कथा टाळत राहते, हे बोलके आहे.

१९०९ मध्येच जन्मलेल्या मल्याळम लेखिका ललितांबिका अंतर्जनम् यांना गुपित भेटले ते धर्मन्यायासनापुढे. १९०५ मधील स्मार्तविचारात कुरियेडत्तु तात्री या नंपूतिरी स्त्रीने साठाहून अधिक पुरुषांची नावे घेतली. नावे नोंदली गेली. तिचे म्हणणे मात्र कोणी विचारले नव्हते. ललितांबिकांच्या ‘प्रतिकारदेवता’ या कथेत ती स्वतः बोलते.