सिलिकॉन व्हॅलीच्या दारातली दलदल

सिलिकॉन व्हॅली म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना काचेची ऑफिसं आणि गॅरेजमधल्या कंपन्याच आठवतात. पण सॅन होजेच्या उत्तर टोकाला, अल्विसोला, शहर संपतं आणि दलदल सुरू होते. ती कशी वाचली हा इतिहास मला कुठल्याही स्टार्टअपच्या गोष्टीपेक्षा भारी वाटतो.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा बराचसा काठ भराव आणि मिठागरांनी गिळला होता. १९६०च्या दशकात फ्लॉरेन्स लारिव्हिएर यांच्यासारखी काठावर राहणारी माणसं हात धुऊन मागे लागली आणि १९७२ साली अभयारण्याचा कायदा झाला. गंमत म्हणजे, पाणपक्ष्यांच्या रक्षणासोबत 'निसर्ग-अभ्यास' हाही उद्देश त्या कायद्यातच लिहिलाय. म्हणजे शिक्षण हे मागाहून चिकटवलेलं फीचर नाही, मूळ स्पेसिफिकेशनमध्येच आहे! म्हणूनच अल्विसोला शाळकरी पोरांसाठी पर्यावरण शिक्षण केंद्र आहे.

मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. १९८८ मध्ये त्यांनी अभयारण्य वाढवायची मंजुरी मिळवली. १९९५ मध्ये त्याला खासदार डॉन एडवर्ड्स यांचं नाव मिळालं. २००३ मध्ये दक्षिण भागातली १५,००० एकरांहून जास्त मिठागरं सरकारने कारगिल कंपनीकडून घेतली. त्यांची परत दलदल करायची तर बांध फोडून भरतीचं पाणी आत घ्यावं लागतं, गाळ साचू द्यावा लागतो. हे दशकांचं काम आहे, एका रिलीजमध्ये होणारं नव्हे.

आणि इतकी वर्षं ते चालू ठेवायचं, तर आज केंद्रात येणारी पोरंच उद्या लागणार ना? तिकडे ऑनसाइट असाल तर एखादा रविवार तिथे घालवाच.