दोन बाजूंचं दान : द्विपद प्रयोगाची कुळकथा

भिजवलेला चिंचोका फोडला की त्याची दोन अर्धुकं होतात. बाहेरची बाजू गोलसर, तपकिरी. आतली सपाट, पांढरी. अशी चार अर्धुकं मुठीत खुळखुळवून जमिनीवर टाकायची आणि किती पांढरी वर आली ते मोजायचं. देवरुखात, आणि एकूणच कोकणात, पाऊस बसला की घराच्या ओटीवर पट मांडून हा खेळ चालतो. पाच बाय पाच घरांचा चौकोन, ठरावीक घरांत फुल्या, प्रत्येकाच्या सोंगट्या आणि मध्ये हे दान. ज्या घरी कवड्या असतील तिथे कवड्या. नसतील तिथे चिंचोके. नावं गावागणिक बदलतात, पण दानाची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच: एक पांढरं वर आलं तर एक, दोनाला दोन, तिनाला तीन, चारही पांढरी आली तर चार, आणि चारही पालथी पडली तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं.

कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला ज्याला ‘द्विपद प्रयोग’ म्हणतात, तो हाच. एकच साधी कृती ठरलेल्या वेळा करायची, प्रत्येक वेळी निकाल दोनच प्रकारचे, आणि शेवटी एका प्रकारचे निकाल किती आले तेवढंच मोजायचं. चार चिंचोके एकदम टाकणं म्हणजे एकाच चिंचोक्यासारखी कृती चार वेळा करणं. या प्रयोगाचं कूळ शोधत मागे गेलं की दोन स्वतंत्र घराणी लागतात: एक खेळाचं, दुसरं मोजणीचं. दोन्ही आपल्याकडे फार जुनी आहेत. त्यांची सोयरीक मात्र फार उशिरा झाली, आणि तीही दूर देशी.

आधी दानाकडे जवळून पाहू. चार अर्धुकांना पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं अशी नावं दिली, तर प्रत्येक पांढरं किंवा तपकिरी पडू शकतं. म्हणजे २ × २ × २ × २, असे एकूण १६ प्रकार. त्यांतले ‘दोन’ हे दान देणारे किती? पहिलं-दुसरं, पहिलं-तिसरं, पहिलं-चौथं, दुसरं-तिसरं, दुसरं-चौथं, तिसरं-चौथं. सहा. ‘एक’चे चार, ‘तीन’चे चार, ‘चार’चा एक आणि ‘आठ’चा एक. १, ४, ६, ४, १ ही ती रांग. खेळणाऱ्याला ही रांग पाठ नसते, पण हाताला कळलेली असते. दोन घरांवरची सोंगटी मारायची असेल तर तो बेधडक टाकतो. आठ घरांवरची असेल तर दुसरी सोंगटी पुढे सरकवायचा विचार करतो.

खेळाच्या घराण्याची सर्वांत जुनी ओळख बेहड्याच्या फळांतून होते. देवरुखच्या पूर्वेला मार्लेश्वरच्या बाजूने सह्याद्री चढू लागतो, त्या घाटातल्या रानांना हे झाड परकं नाही. वेदकाळात बेहड्याची सुकी फळं हेच फासे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं जुगाऱ्याचं सूक्त त्यांच्याबद्दलच आहे. महाभारताच्या वनपर्वात नळाची कथा येते. तीत ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याचं झाड पाहतो आणि त्याची पानं नि फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजून बघतो. आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांचं मर्म शिकवतो. फासे जाणणारा आणि मोजणी जाणणारा इथे एकच माणूस आहे. या दोन विद्या एकमेकींच्या आहेत, ही जाण त्या कथेत स्पष्ट दिसते.

शास्त्रात मात्र मोजणीची वाट छंदांकडून गेली. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रश्न असा की, ठरावीक अक्षरांच्या चरणात लघू आणि गुरू किती प्रकारे मांडता येतील? इथेही जागा ठरलेल्या आणि प्रत्येक जागी पर्याय दोनच. चार अक्षरांचा चरण आणि चार चिंचोके यांचं गणित एकच आहे. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: चरणात १२ अक्षरं, चार ‘य’ गण, म्हणजे ४ लघू आणि ८ गुरू. बारा अक्षरांचे एकूण प्रकार ४,०९६. त्यांपैकी नेमके ४ लघू असलेले ४९५. आपल्या कानात लहानपणापासून बसलेली ती चाल या ४९५ मांडण्यांपैकी एक आहे. बारा चिंचोके टाकले आणि चार पांढरे आले, तर ते येण्याचेही प्रकार ४९५च.

दहाव्या शतकातल्या हलायुधाने पिंगलावरच्या टीकेत ही मोजणी मांडायची सोपी युक्ती समजावून दिली. वर एक चौकोन, त्याखाली दोन, त्याखाली तीन. कडेच्या घरांत १, आणि आतल्या प्रत्येक घरात त्याच्या वरच्या दोन घरांची बेरीज. हाच मेरुप्रस्तार. पाचव्या ओळीत आपलं १, ४, ६, ४, १ येतं. सातव्या ओळीत १, ६, १५, २०, १५, ६, १, म्हणजे सहा कवड्यांच्या पच्चीशीचं दान.

ही मोजणी छंदांपुरती राहिली नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचा हिशेब केला: १६ द्रव्यांतून ४ निवडायची तर १,८२० प्रकार. नवव्या शतकात, महाराष्ट्रावरही राज्य असलेल्या राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात निवडीचा सर्वसाधारण नियम दिला. आणि ११५० मध्ये सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या भास्कराचार्यांनी लीलावतीत दोन देखणी उदाहरणं घातली. आठ द्वारांच्या वाड्यात एक, दोन, तीन अशी द्वारं उघडी ठेवायचे किती प्रकार? उत्तर २५५. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू या सहा रसांतून एक, दोन, तीन असे रस घेऊन पदार्थ किती? उत्तर ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. एकही रस न घेणं तेवढं त्यांनी मोजलेलं नाही. ते धरलं की ६४, सहा कवड्यांचे सगळे प्रकार.

या विद्येची महाराष्ट्रात शाळाही होती. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तिथला शिलालेख याची साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. मोजणीचं शास्त्र सह्याद्रीच्या कुशीत इतकं पक्कं होतं आणि कवड्यांचा खेळ घरोघर होता. तरीही ‘सहा कवड्यांतून तीन उताण्या पडण्याची शक्यता किती?’ हा प्रश्न या ग्रंथांत येत नाही. प्रकार मोजले गेले. ते प्रत्यक्षात किती वेळा पडतात, याचा हिशेब मांडला गेला नाही.

तो हिशेब युरोपात सुरू झाला. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींचा अर्धवट थांबलेल्या जुगारावर पत्रव्यवहार झाला: डाव मध्येच मोडला तर पैसे कसे वाटायचे? पास्कलने त्यासाठी संख्यांचा तोच त्रिकोण वापरला. १६६५ मध्ये त्याचा त्यावरचा ग्रंथ छापून आला आणि त्रिकोणाला त्याचं नाव चिकटलं. पण खरी सोयरीक जमवली ती स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या याकोब बर्नोलीने. तो १७०५ मध्ये वारला. त्याचं पुस्तक पुतण्याने १७१३ मध्ये प्रसिद्ध केलं.

बर्नोलीने दोन गोष्टी केल्या. पहिली, दोन बाजू सारख्या असल्याच पाहिजेत ही अट काढून टाकली. चिंचोक्याची एक बाजू गोल, एक सपाट. मग पांढरी वर येण्याची शक्यता निम्मीच कशावरून? ती ०.६ धरून बघू. मग पालथं पडण्याची शक्यता ०.४. चारही पांढरी पडण्याची शक्यता ०.६ चार वेळा गुणून ०.१२९६, चारही पालथी पडण्याची ०.४ चार वेळा गुणून ०.०२५६. प्रकार दोन्हींचा एकेकच, पण १०,००० दानांत ‘चार’ सुमारे १,२९६ वेळा आणि ‘आठ’ सुमारे २५६ वेळाच यावेत, म्हणजे पाचपट फरक. मधल्या दानांसाठी मेरुप्रस्तारातला आकडा हाताशी लागतो: ‘दोन’साठी ६ × ०.३६ × ०.१६, म्हणजे ०.३४५६. द्विपद वितरणाचं सूत्र इतकंच आहे. प्रकार किती, गुणिले त्या प्रत्येक प्रकाराची शक्यता. पहिला गुणक हलायुधाच्या घरचा, दुसरा बर्नोलीच्या.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ही ०.६ मुळात कळणार कशी? बर्नोलीने सिद्ध केलं की प्रयोग पुन्हापुन्हा केला तर दिसणारं प्रमाण खऱ्या शक्यतेजवळ हवं तेवढं आणता येतं. फक्त प्रयोगांची संख्या पुरेशी हवी. घड्यात ३,००० पांढरे आणि २,००० काळे खडे आहेत असं धरून त्याने किती वेळा खडा काढून परत टाकावा लागेल तेही मोजलं. पांढऱ्यांचं प्रमाण ५० पैकी २९ ते ३१ यांच्या दरम्यान येईल, हे हजारास एक इतक्या खात्रीने म्हणायला २५,५५० वेळा. आज त्याहून कमी प्रयोगांत काम भागतं हे माहीत आहे, पण निरीक्षणांवरून अज्ञात शक्यता गाठण्याची वाट तिथून सुरू झाली. त्या वाटेवर मराठी माणसांनीही काम केलं आहे. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन केलं. असा अंदाज निरीक्षणं वाढत गेल्यावर खऱ्या किमतीकडे कधी पोचतो, यावरचा त्यांचा १९४८ चा निबंध संख्याशास्त्रात आधाराचा मानला जातो.

सोयरीक झाली तशी तिच्या अटीही ठरल्या. प्रयोगांची संख्या आधी ठरलेली, निकाल दोनच, प्रत्येक वेळी शक्यता तीच, आणि एका निकालाचा दुसऱ्यावर परिणाम नाही. पहिल्या दोन अटी पाळल्या की नाही ते चटकन दिसतं. फसगत होते ती पुढच्या दोनांत.

देवरुखचाच पाऊस घ्या. सप्टेंबरातल्या दहा दिवसांपैकी किती दिवस पाऊस पडेल? दिवस ठरलेले, निकाल दोनच: पडला किंवा नाही. पण पाऊस एकदा धरला की तीन-चार दिवस सोडत नाही, आणि उघडीप आली की तीही टिकते. आजचा दिवस उद्याच्या दिवसाला बांधलेला आहे. चौथी अट मोडली; द्विपद सूत्राने काढलेलं उत्तर इथे चुकेल, सलग कोरडे किंवा सलग ओले दिवस किती वेळा येतात, हे ते कमी दाखवेल.

आता हापूसची पेटी घ्या. आत ४८ आंबे आहेत आणि त्यांतल्या ६ आंब्यांत साका आहे असं समजू. वरून काही कळत नाही. कापल्यावरच पांढरट, स्पंजासारखा गर दिसतो. पहिला आंबा साक्याचा निघण्याची शक्यता ४८ पैकी ६. तो तसा निघाला तर दुसऱ्यासाठी ४७ पैकी ५, नाहीतर ४७ पैकी ६. कापलेला आंबा पेटीत परत जात नाही, म्हणून एकाचा निकाल पुढच्याची शक्यता बदलतो. इथेही चौथी अट मोडली. टेम्पोभर आंब्यांतून चार-पाचच कापायचे असतील तर हा बदल नगण्य होतो आणि द्विपद सूत्र बिनधास्त वापरता येतं, पण ते आंबे वेगवेगळ्या बागांतून, नीट मिसळून उचललेले हवेत. एकाच झाडाखालचे उचलले तर चौथी अट पुन्हा हातची जाते.

चिंचोके मात्र चारही अटींना उतरतात. पहिला कसा पडला याची दुसऱ्याला खबर नसते आणि टाकून झिजण्याइतके ते लवकर झिजत नाहीत. एकच काळजी घ्यायची: चारही अर्धुकं सारख्या आकाराची निवडायची. म्हणून शाळेत हा धडा शिकवताना सूत्राआधी चार चिंचोके टाकावेत असं मला मनापासून वाटतं. एकच अर्धुक दोनशे वेळा टाकून पांढरं किती वेळा आलं ते लिहावं. तो झाला शक्यतेचा अंदाज. मग चारही एकदम दोनशे वेळा टाकून एक, दोन, तीन, चार, आठ यांची नोंद ठेवावी आणि सूत्राने काढलेल्या आकड्यांशेजारी मांडावी. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण जवळ येतील. किती जवळ यावेत, हा पुढचा धडा.

या अटी ज्याने एकदा हाताने तपासल्या, तो रुग्णालयातल्या औषधाच्या चाचणीचा, निवडणुकीच्या अंदाजाचा किंवा बियाण्याच्या उगवणीचा आकडा वाचताना हेच विचारील: किती वेळा पाहिलं, शक्यता दर वेळी तीच होती का, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध होता का? मोजणी आणि शक्यता यांची सोयरीक जमायला शतकं लागली. मुलांना ती जमवून द्यायला एक तास पुरतो, आणि तो तास प्रत्येक शाळेने द्यावा.