ठेका धरणारे हात

आम्ही गाणारे नव्हे आणि वाजविणारेही नव्हे. आयुष्य बंदरावरच्या कामगारांच्या सभा भरविण्यात गेले. तेव्हा संगीताच्या इतिहासावर बोलण्याचा आम्हांला अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर ते रास्तच होय. पण हा विषय आमच्याकडे चालून आला. द्रोणागिरीत आमच्या शेजारचा एक तरुण कंटेनर यार्डात नोकरी करतो आणि फावल्या वेळी गिटार वाजवितो. जँगो राइनहार्ट नावाच्या वादकाच्या चाली त्याने कागदावरून बिनचूक बसविल्या आहेत. एके रात्री तो म्हणाला, "काका, सूर सगळे बरोबर येतात, पण ते त्याचे वाटत नाही. असे का?"

हा जँगो १९१० साली बेल्जममध्ये, भटक्या जिप्सी कुटुंबात जन्मला. ही जमात मूळची आपल्याच देशातून गेलेली; त्यांच्या भाषेत दोनाला दुई, पाचाला पांज आणि केसांना बाल म्हणतात. १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने नवी बैठक बसविली. पुढे १९३४ साली पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेली ह्या व्हायोलिनवादकासह त्याने पाच जणांचा ताफा उभा केला. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती.

आमच्या तरुणाने दोन बोटे दुमडूनही वाजवून पाहिले होते. आम्हांला हे भलतेच वाटले. जँगोने जे नाइलाजाने केले ते हौसेने करून काय साधणार? खुबी उजव्या हातात आहे. त्या ताफ्यात ढोल नव्हता; ढोलाचे काम दोन गिटारी करीत. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी हलकी, दुसरी आणि चौथी ठसठशीत. आणि आघात झाला की डाव्या हाताची पकड लगेच सैल करून नाद आवरता घ्यावयाचा. एकट्याने चाल वाजविणाराचे मनगट अधांतरी असते. हाताच्या वजनानिशी नखी तारेवरून खाली उतरते आणि पुढच्या तारेवर टेकून थांबते. नव्या तारेवर जाताना पहिला आघात वरून खालीच. हे लिहून देता येते, जसे ढोलकीचे बोल लिहून देता येतात. पण बोल पाठ झाले म्हणून कोणी फडात ढोलकीला बसवीत नाही.

हाच पेच सुमारे नव्वद वर्षांपूर्वी पाण्यापलीकडे, मुंबईत, गोव्याच्या वादकांपुढे उभा राहिला. कागद त्यांना परका नव्हता. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले मुंबईस येऊन धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये उतरत, एका पेटीवर संसार मांडीत आणि हॉटेलांत, सिनेमागृहांत वाजवीत. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा अमेरिकन निग्रो वादकांचा बँड घेऊन आला ('निग्रो' हा त्या काळचा शब्द, आज कोणी वापरू नये). पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. कागदावर सारख्या लिहिलेल्या दोन अर्ध्या मात्रा ही मंडळी सारख्या वाजवीत नसत. पहिली लांबवीत, दुसरी आखडती घेत. किती लांबवावी ह्याचे माप कागदावर नव्हते. ते शेजारी बसूनच कळे. ह्या संगतीत फ्रँक फर्नांडसारखे गोवेकर तयार झाले. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ तर चिक चॉकलेट ह्या नावाने हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजला.

हे शिक्षण आपल्या मराठी घरांतही पोहोचले, पण वेगळ्या दाराने. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरले. १९५१ चा 'अलबेला' हे त्या जोडीचे काम. आणि त्यात नाचले ते भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. गिरणगावात ज्या ठेक्यावर पाय उचलले गेले तो ताजच्या ज्या दिवाणखान्यातून आला, तेथे त्या कामगारांना पाऊल ठेवण्याची सोय नव्हती.

आमचा मूळ धंदा आम्हांला येथे गप्प बसू देत नाही. जँगो म्हणे कुरकुरत असे की, ग्रापेली वाजवितो तेव्हा त्याच्या मागे दोन गिटारी, आणि माझ्या मागे एकच. म्हणून दुसरी आणली. एक त्याचा भाऊ जोसेफ, दुसरा रॉजर शापू. मैफलभर ठेका ह्यांनी वाहिला, पण ही नावे किती जणांना ठाऊक? आमच्या चित्रपटांतही तेच. संगीतकाराचे नाव पडद्यावर मोठे. स्वरलिपी लिहून देणारा फार तर 'साहाय्यक'. आणि रात्रभर गिटार वा व्हायोलिन वाजविणाऱ्या कित्येकांची नावेच नाहीत. बंदरातला माल कोणी उतरविला हेही कोठे लिहिलेले नसतेच.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सुचविले की, चाल काही दिवस सोड आणि जोसेफचे काम कर. त्याला ते फारसे रुचले नाही. परवा मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत असता भेटला. महिनाभर एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाकडे रविवारी जाऊन नुसता ठेका धरतो आहे, म्हणाला. उजवे मनगट दुखते, आणि म्हातारा अजून मान हलवीत नाही.