लेखणी, शाई आणि रंगाची पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं विलायतेहून हिंदुस्थानांत नोकरीसाठीं निघणाऱ्या तरुण इंग्रजाच्या सामानांत तलवार, औषधें आणि कपडे यांच्याबरोबर एक लहानशी लांकडी पेटीही पुष्कळदां असे. तिच्यांत रंगांच्या चौकोनी वड्या, दोनतीन कुंचले, रंग कालविण्याची चिनी मातीची बशी आणि शिसपेन्सिली असत. हा तरुण चित्रकार नसे. पलटणीची कवाईत, सारावसुली किंवा वकिलातीचा पत्रव्यवहार हें त्याचें काम. चित्रें काढणें ही त्याची हौस. परंतु त्या काळचें दौलताबाद, पुणें किंवा पाटणा डोळ्यांना कसें दिसत होतें हें ठरवावयाचें झालें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाला आजही या हौशी मंडळींच्या वह्या उघडाव्या लागतात. छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती १८३९ सालीं. त्यापूर्वींचा साक्षीदार म्हणजे माणसाचा हात. या साक्षीदारावर विश्वास किती ठेवावा, हाच या विषयांतला खरा प्रश्न आहे.

छंद पसरतो तो साधनें सोपीं झाल्यावर. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जलरंग वापरणाराला रंगाची पूड दगडावर घोटून तिच्यांत डिंकाचें पाणी मिळवावें लागे. लंडनच्या रीव्हज बंधूंनीं ओला कुंचला फिरवितांच विरघळणाऱ्या रंगाच्या वड्या तयार केल्या, आणि त्याबद्दल १७८१ सालीं तेथील सोसायटी ऑफ आर्ट्‌स या संस्थेनें त्यांचा गौरव केला. कागदही सुधारला. पूर्वींच्या कागदावर साच्याच्या तारांच्या रेघा उमटत आणि पातळ रंग त्या रेघांत सांचून राही. जेम्स व्हॉटमन यानें बारीक विणलेल्या जाळीवर केलेला सपाट कागद १७५७ सालीं छापखान्यांत प्रथम वापरला गेला. पुढें तोच, सरसाची खळ दिलेला, जलरंगाच्या चित्रकारांना मानवला.

शाईची हकीकत कांहीशी गमतीची आहे. इंग्रज ज्या शाईला ‘इंडियन इंक’ म्हणत, ती मुळांत चीनची : काजळ आणि सरस यांची वाळविलेली कांडी. दुसरी, युरोपांत रोजच्या लिहिण्याची, ती मायफळ आणि हिराकस यांची. ही लिहितांना काळी, कांहीं वर्षांनीं तपकिरी, आणि अखेर कागदालाच खाऊं लागणारी. आपल्याकडील दप्तरांतला कारकून बोरूनें लिहीत असे ती शाई काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली. म्हणजे टिकाऊपणाच्या बाबतींत कुळकर्ण्याची दौत साहेबाच्या दौतीहून वरचढ ठरली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या तऱ्हेच्या चित्राची रीत थोडक्यांत अशी : आधीं पेन्सिलीनें आराखडा, त्यावर पिसाच्या लेखणीनें शाईची रेघ, आणि ती वाळल्यावर पाण्यानें पातळ केलेला रंग, फिका आधीं आणि गडद मागाहून. पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागदच. तैलचित्रांत चुकलेला हात दुसऱ्या रंगानें झांकतां येतो. येथें तसें चालत नाहीं. शिवाय हिंदुस्थानच्या हवेंत उन्हाळ्यांत रंग पसरण्यापूर्वींच वाळे आणि पावसाळ्यांत वाळतां वाळत नसे. तरीही प्रवासी माणसाला हीच रीत सोयीची, कारण सगळी चित्रशाळा एका खिशांत मावे.

हा छंद सैनिकांत एवढा कां पसरला याचें कारण मात्र सौंदर्यदृष्टि नव्हे. किल्ल्याचे बुरूज, नदीचा उतार आणि घाटाची चढण कागदावर उतरविणें हा लष्करी शिक्षणाचा भाग होता. वुलविच येथील लष्करी विद्यालयांत पॉल सँडबी हा नामांकित जलरंगकार १७६८ पासून चित्रकलेचा शिक्षक होता; कंपनीनें १८०९ सालीं अ‍ॅडिस्कूम येथें काढलेल्या विद्यालयांतही चित्रकला शिकवीत. परंतु याच तरुणांच्या घरीं दुसऱ्याच एका गुरूचीं पुस्तकें वाचलीं जात. विल्यम गिल्पिन या पाद्र्याचें पहिलें प्रवासवर्णन १७८२ सालीं प्रसिद्ध झालें, आणि देखावा ‘चित्रासारखा’ दिसावा म्हणून निसर्गांत थोडी ढवळाढवळ करण्यास त्यानें मोकळीक दिली. एक गुरु सांगे, बुरूज मोजून काढ. दुसरा सांगे, झाड थोडें डावीकडे सरकव. एकाच हातांत हीं दोन शिक्षणें एकत्र आलेलीं असल्यामुळें त्या चित्रांतला बुरूज बहुधा खरा असतो. पण पुढच्या बाजूचें वांकडें झाड आणि त्याखालची गाय यांच्याबद्दल मात्र अभ्यासकानें शंका बाळगलेली बरी.

पुण्याचा या इतिहासाशीं संबंध फार जवळचा आहे. पेशव्यांच्या दरबारीं कंपनीचा वकील म्हणून १७८६ सालीं आलेला चार्ल्स मॅलेट याला लेण्यांचें आणि प्राचीन वस्तूंचें मोठें वेड होतें. त्यानें गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या कलावंताकडून चित्रें काढवून घेतलीं. गंगारामानें १७९० च्या नोव्हेंबरांत पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा काढला. पुढें वेरूळचीं लेणीं काढलीं. वेरूळावरील मॅलेटचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडांत छापला गेला. १७९२ सालीं जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, आणि सवाई माधवरावांच्या संमतीनें शनिवारवाड्यांत चित्रकलेची एक शाळाही निघाली. ज्या वाड्यांत राजकारणाचीं खलबतें चालत, त्याच वाड्यांत कोणीतरी छायाप्रकाशाचे धडे गिरवीत होतें! पण ही शाळा फार दिवस टिकली नाहीं. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवरावांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यांत साष्टींत काम करीत असतां वेल्सही वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें मॅलेट पेशव्यांच्या दरबारांत तह करीत असल्याचें मोठें तैलचित्र १८०५ सालीं पुरें केलें. १८२८ सालीं शनिवारवाड्याला आग लागून आंतल्या इमारती जळून गेल्या. त्या दरबाराचें छत आणि खांब कसे होते हें सांगणारा आतां मुख्य पुरावा म्हणजे हें चित्र, आणि तें ज्यानें रंगविलें त्यानें तो प्रसंग पाहिलेला नव्हता.

खऱ्या अर्थानें हौशी म्हणावा असा मुंबई इलाख्यांतील माणूस रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले. सतराव्या वर्षीं हा कंपनीच्या मुंबई फौजेंत आला. चित्रकला त्यानें कोणा गुरूपाशीं शिकलेली नव्हती. छावणीच्या मुक्कामांत, कूच थांबली कीं वही काढावी, असा त्याचा क्रम. १८२० सालीं सेवानिवृत्त होऊन विलायतेस परतल्यावर त्यानें १८२६ ते १८३० या काळांत पश्चिम हिंदुस्थानचीं दृश्यें, पोषाख आणि इमारती यांच्या छत्तीस चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत वेरूळ आहे, दौलताबादचा कडा आहे. मात्र हीं चित्रें म्हणजे ग्रिंडलेची वही नव्हे. त्याच्या पुष्कळ रेखाटनांवरून विल्यम वेस्टॉलसारख्या धंदेवाईक चित्रकारांनीं नवीं चित्रें केलीं, खोदकाम करणारांनीं तीं ताम्रपटावर उतरविलीं, आणि छापल्यावर प्रत्येक प्रत हातानें रंगविली गेली. मूळ डोळा आणि छापील पान यांच्यामध्यें असे तीन हात आले. दौलताबादचा कडा या प्रवासांत आणखी थोडा उंच आणि आणखी थोडा भयाण झाला असल्यास आश्चर्य नाहीं. याच ग्रिंडलेनें १८२८ सालीं लंडनला हिंदुस्थानांत जाणाऱ्यायेणाऱ्या लोकांची सोय पाहणारी पेढी काढली. पुढें तिची ग्रिंडलेज बँक झाली आणि ती २००० सालीं दुसऱ्या बँकेंत विलीन होईपर्यंत तें नांव चालत राहिलें. चित्रकार ग्रिंडले विसरला गेला तो बहुधा या सावकार ग्रिंडलेमुळेंच.

पूर्वेकडे पाटण्यास हा छंद अगदीं मंडळ स्थापण्यापर्यंत गेला. सर चार्ल्स डॉयली हा तेथें कंपनीचा अफूचा एजंट. डाक्क्यास कलेक्टर असतां जॉर्ज चिनरी या चित्रकाराला त्यानें आपल्या घरीं ठेवून घेतलें होतें आणि त्याच्याकडून धडे घेतले होते. पाटण्यांत १८२४ सालीं त्यानें चित्रकलेचा व थट्टाविनोदाचा शोक असलेल्या गोऱ्या मंडळीचें एक मंडळ स्थापन केलें आणि त्याला ‘बिहारचें अथेन्स’ अशा थाटाचें नांव दिलें. बिशप हेबर त्याच वर्षीं तेथून गेला. त्यानें आपल्या रोजनिशींत डॉयलीला आपणांस भेटलेल्या हौशी चित्रकारांत सर्वश्रेष्ठ ठरविलें आहे. पुढें डॉयलीनें शिळाछापखाना घातला. तेथें दगडावर चित्रें उतरविण्याच्या कामीं जयराम दास हा पाटण्याचा कलावंत त्याला साह्य करी. साहेब रेखाटून कचेरींत जाई. दगडापाशीं जयराम दास बसे. संग्रहाच्या मुखपृष्ठावर नांव कोणाचें, हें सांगावयास नको.

या मंडळींच्या पेटींतल्या एका रंगाचें मूळ बिहारांतच होतें. ‘इंडियन यलो’ हा झगझगीत पिवळा रंग मोंगीरजवळच्या एका गांवीं, आंब्याचीं पानें खाऊं घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून करीत, असें त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनीं १८८३ सालीं नोंदविलें. बरेच दिवस ही दंतकथा समजली जात होती; अलीकडच्या रासायनिक परीक्षणानें मुखर्जींच्या म्हणण्याला आधार मिळाला आहे. उपाशी गाईंचा हा रंग विलायतेंत जाऊन, गोळ्यांची वडी होऊन, पुन्हा हिंदुस्थानच्या सूर्यास्तांत पडत असे.

स्त्रियांपैकीं एमिली ईडन हिचें नांव अग्रभागीं येतें. ही गव्हर्नर जनरल ऑकलंड याची बहीण. १८३७ च्या अखेरीस तिनें भावाबरोबर वायव्येकडे दीर्घ प्रवास सुरू केला. रणजितसिंह, त्याचे सरदार, शिपाई, फकीर, शिकारी चित्ते, जें दिसेल तें तिनें वहींत टिपलें. १८४४ सालीं हीं चित्रें मोठ्या दिमाखानें छापलीं गेलीं. परंतु त्याच प्रवासांत तिनें कानपुराकडील भयंकर दुष्काळ पाहिला होता. घरच्या पत्रांत त्या अस्थिपंजर माणसांविषयीं तिनें कळवळून लिहिलें आहे. छापील चित्रसंग्रहांत मात्र जरतारी पोषाख आणि जडावाचे अलंकार आहेत. तिला दिसलें नाहीं असें नव्हे. जें दिसलें त्यांतलें काय रंगवावयाचें, याविषयींची त्या समाजाची रूढि तिच्याही हाताला होती. म्हणून चित्रें आणि पत्रें शेजारीं ठेवून पाहावीं. एकटीं चित्रें अर्धीच साक्ष देतात.

मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीं निघाली आणि पुढच्याच वर्षीं अ‍ॅडिस्कूमच्या अभ्यासक्रमांत छायाचित्रण आलें. किल्ल्यांची नोंद करण्यासाठीं आतां लेखणीची गरज उरली नाहीं. छंद मात्र उरला, आणि उपयोगाचें ओझें उतरल्यामुळें कदाचित् अधिक मोकळा झाला. विन्सर आणि न्यूटन यांनीं १८३५ च्या सुमारास काढलेल्या, मुळांतच ओलसर राहणाऱ्या रंगांनीं त्याला हातभार लावला. १८७३ च्या नोव्हेंबरांत एडवर्ड लिअर मुंबईस उतरला तेव्हां साठी ओलांडलेला होता. धंद्यानें तो चित्रकार, पण त्याची पद्धत जुन्या हौशी लोकांचीच, आणि १८४६ सालीं व्हिक्टोरिया राणीला तिच्या छंदासाठीं त्यानें धडेही दिले होते. जागेवर पेन्सिलीनें झपाट्यानें रेखाटन करावयाचें. कोठें कोणता रंग, कोणतें झाड, हें त्याच कागदावर शब्दांत टिपावयाचें. तारीख आणि वेळही लिहावयाची. मग मुक्कामावर सवडीनें रेघेवर शाई चढवावयाची आणि रंग भरावयाचा. अशी दोन हजारांवर रेखाटनें घेऊन तो १८७५ च्या जानेवारींत परतला. त्यांतल्या पुष्कळांवर रंगाखालून तीं पेन्सिलीचीं अक्षरें अजून वाचतां येतात.