एका सभागृहाचा बँड : डेट्रॉइटच्या एम्. सी. फाइव्हचा उदय व विघटन (१९६४–१९७२)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन रॉक संगीताच्या इतिहासात डेट्रॉइट येथील ‘एम्. सी. फाइव्ह’ ह्या बँडचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. पुढे ‘पंक’ ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीतप्रकाराचा तो पूर्वसूरी मानला जातो, हे एक. आणि क्रांतीची भाषा बोलून त्यापायी बुडालेला बँड अशी त्याची ख्याती आहे, हे दुसरे. ह्यांतील दुसरे मत सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. राजकारण ह्या बँडच्या आयुष्यात मध्यावर आले आणि अखेरच्या तीन वर्षांत त्याच्याशी बँडचा संबंध फारसा उरला नव्हता. मग बँड मोडला तो कशाने? ह्या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले असता घोषणापत्रांपेक्षा एका विशिष्ट सभागृहाकडे, तेथील श्रोत्यांकडे आणि तबकड्यांच्या व्यापाराकडे वळावे लागते.

लिंकन पार्क हे डेट्रॉइटच्या नैर्ऋत्येस वसलेले कामगारवस्तीचे गाव. फोर्ड कंपनीचा रूज नदीकाठचा अवाढव्य कारखाना तेथून जवळच. महायुद्धानंतरच्या भरभराटीत मोटारधंद्याच्या वेतनावर जी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्या मुलांच्या हाती विद्युत्-गिटारी व ध्वनिवर्धक येऊ शकले, ही गोष्ट ह्या संगीताच्या जन्मकथेत दुय्यम मानता येणार नाही. वेन क्रेमर व फ्रेड स्मिथ हे दोन गिटारवादक तेथलेच, किशोरवयापासूनचे मित्र. गायक रॉब टायनर ह्याने जाझ पियानोवादक मॅकॉय टायनर ह्याच्यावरील भक्तीमुळे त्याचे आडनाव स्वतःस लावून घेतले होते. १९६४ च्या सुमारास ही मंडळी एकत्र आली; मायकेल डेव्हिस हा बास गिटारवर आणि डेनिस टॉम्प्सन हा ड्रमवर येऊन बसल्यावर पाचांचा संच पुरा झाला. नाव टायनरने सुचवले. ‘मोटार सिटी फाइव्ह’ असा त्याचा विस्तार. पण संक्षेपात ते एखाद्या मोटारीच्या सुट्या भागाचा क्रमांक असावा तसे वाटे, आणि हेच त्या मुलांना आवडले होते.

बँड खऱ्या अर्थाने घडला तो मात्र लिंकन पार्कमध्ये नव्हे, तर ग्रँडी बॉलरूममध्ये. १९२८ साली बांधलेली ही नृत्यशाला डेट्रॉइटच्या ग्रँड रिव्हर मार्गावर होती. खाली दुकाने आणि वर नाचण्याचे विस्तीर्ण दालन अशी तिची रचना. रस गिब ह्या शाळामास्तराने (तो आकाशवाणीवर निवेदकाचेही काम करी) सॅन फ्रान्सिस्को येथील फिलमोर सभागृह पाहून त्या धर्तीवर ७ ऑक्टोबर १९६६ रोजी ती रॉक संगीतासाठी खुली केली. पहिल्याच रात्री एम्. सी. फाइव्हचा कार्यक्रम झाला, आणि पुढे आठवड्यामागून आठवडे तो तेथला घरचा बँड होऊन राहिला.

ह्या ‘घरचा’ असण्याचे परिणाम दूरवर पोहोचले. बाहेरगावचे, प्रसंगी इंग्लंडहून आलेले नामांकित बँड ग्रँडीत वाजवीत, आणि त्यांच्या आधी रंगमंचावर येण्याचे काम एम्. सी. फाइव्हकडे असे. पाहुण्यांना निष्प्रभ करून सोडणे ही एक प्रकारची स्थानिक कुस्तीच झाली. जो बँड रेंगाळत, अंग चोरून वाजवी, त्याला हे पाचजण बाजूने ओरडून डिवचत. जोर लावा, नाहीतर रंगमंच सोडा, असा त्या ओरडण्याचा आशय असे. ‘किक आउट द जॅम्स’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध शब्द ह्या डिवचण्यातून आले आहेत. पुढे देशभर ते क्रांतीचे आवाहन म्हणून वाचले गेले. मुळात ती आखाड्यातली आरोळी होती. श्रोतेही नित्याचे, एकमेकांना ओळखणारे. गाणे किती लांबवावे, कोठे मोडावे, गोंगाटाच्या कोणत्या टोकापर्यंत जावे हे त्यांच्या प्रतिसादावर ठरे. कार्यक्रमाचा शेवट ज्या ‘ब्लॅक टु कॉम’ ह्या रचनेने होई, तिला निश्चित आकारच नव्हता. चक बेरीचा जुना रॉक आणि सन रा, कोल्ट्रेन ह्यांचा मुक्त जाझ ही दोन टोके एका रात्रीत जोडणारा असा बँड त्या काळी अन्यत्र क्वचितच सापडला असता.

जाझची ही ओढ वाढवण्यास जॉन सिंक्लेअर हा कवी कारण झाला. १९६४ साली डेट्रॉइटमध्ये कलावंतांची कार्यशाळा उभारणाऱ्यांत तो होता. जाझवर तो नियतकालिकांतून लिहीत असे. १९६७ मध्ये तो बँडचा व्यवस्थापक झाला. त्याच वर्षीच्या जुलैत डेट्रॉइटमध्ये जो वांशिक उद्रेक झाला त्यात ४३ माणसे मेली, सात हजारांवर लोक पकडले गेले आणि शहरात लष्कर उतरले. पोलिसांचा ससेमिरा असह्य होऊन १९६८ च्या मे महिन्यात सिंक्लेअरची सारी मंडळी, बँडसह, सुमारे चाळीस मैलांवरील ॲन आर्बर ह्या विद्यापीठनगरीत राहावयास गेली. २५ ऑगस्ट १९६८ रोजी शिकागोत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी, युद्धविरोधी तरुणांच्या मेळाव्यात प्रत्यक्ष वाजवणारा हाच बँड ठरला. नॉर्मन मेलर ह्याने आपल्या अधिवेशनावरील पुस्तकात ते दृश्य टिपले आहे. मेळाव्याच्या उद्यानाचे नावही लिंकन पार्कच होते, हा एक योगायोग. नोव्हेंबरात सिंक्लेअरने ‘व्हाइट पँथर’ पक्ष स्थापला. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाला गोऱ्यांनी द्यावयाची साथ असे त्याचे प्रयोजन होते. बँड त्या पक्षाचा आवाज ठरला; पण पाचही जणांची त्यावर सारखीच निष्ठा होती असे मानण्यास आधार नाही. कार्यक्रम पक्षाच्या नावे होत असले तरी संगीत त्याआधीच पक्के झाले होते.

त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रा ह्या ध्वनिमुद्रण कंपनीचा प्रतिनिधी डॅनी फील्ड्स मिशिगनमध्ये आला. त्याच्या शिफारशीवरून कंपनीने एम्. सी. फाइव्हला २०,००० डॉलर आणि ‘द स्टूजेस’ ह्या त्यांच्या धाकट्या सोबत्यांना ५,००० डॉलर देऊन करारबद्ध केले. पहिली तबकडी बंदिस्त स्टुडिओत न करता ग्रँडीतच, ३० व ३१ ऑक्टोबर १९६८ च्या रात्री, श्रोत्यांसमक्ष मुद्रित करावी असे ठरले. हा निर्णय अत्यंत अर्थपूर्ण होता. ह्या बँडचे सामर्थ्य सभागृहापासून वेगळे काढता येणार नाही अशी ती जणू कबुलीच होती. परंतु सभागृह मुद्रित करणे आणि ते विकणे ह्यांत अंतर आहे, आणि ते पुढील काही महिन्यांत उघडे पडले.

‘किक आउट द जॅम्स’ ही तबकडी १९६९ च्या आरंभी बाहेर पडली. शीर्षकगीतापूर्वी टायनर एक अश्लील शिवी उच्चारतो. ग्रँडीत तिचे कोणास काही वाटत नसे. नेहमीच्या श्रोत्यांना ती जवळिकीची खूण होती. दुकानाच्या फळीवर मात्र तीच शिवी अपराध ठरली. कंपनीने काही प्रतींत शिवीच्या जागी ‘बंधुभगिनींनो’ अशा अर्थाचे शब्द असलेले मुद्रण घातले आणि वेष्टनावरील सिंक्लेअरचा मजकूरही काढला. डेट्रॉइटच्या हडसन्स ह्या मोठ्या पेढीने तबकडी विकण्यास नकार दिला, तेव्हा बँडने स्थानिक भूमिगत वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन त्या पेढीस छापील शिवी हासडली आणि खाली इलेक्ट्राचे बोधचिन्हही लावले. पेढीने उत्तरादाखल इलेक्ट्राच्या सर्वच तबकड्या दुकानातून हटवल्या. एप्रिलमध्ये कंपनीने बँडला निरोप दिला. ह्या प्रकरणात बँडच्या धारिष्टाचे कौतुक करण्याचा प्रघात आहे. पण ज्या कंपनीच्या खर्चाने आपण जगासमोर आलो तिच्या नावाने तिच्याच गिऱ्हाइकास शिव्या देणे ह्यात धारिष्टापेक्षा पोरकटपणाच अधिक होता, असे म्हणणे भाग आहे. ग्रँडीतील सवय त्यांनी व्यापारी जगात जशीच्या तशी नेली. दरम्यान तबकडी विक्रीच्या राष्ट्रीय यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंत चढली होती, हेही विसरता कामा नये.

डेट्रॉइटबाहेर ह्याहून वेगळा अनुभव वाट्यास आला. डिसेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातील कार्यक्रमात तेथील जहाल तरुण आणि सभागृहाचे चालक ह्यांच्या भांडणात बँड सापडला. तेथे तो क्रांतिकारकांना विकाऊ वाटला आणि सभागृहवाल्यांना दंगेखोर. ‘रोलिंग स्टोन’ पत्राने जानेवारीत टायनरला मुखपृष्ठावर झळकवले; त्याच पत्रात एप्रिलमध्ये लेस्टर बँग्ज ह्या नवख्या समीक्षकाने तबकडीचे वाभाडे काढले. जो गोंगाट ग्रँडीतील श्रोत्यांनी घडवला होता, तो त्या श्रोत्यांवाचून ऐकणाऱ्यास ढोंगी वाटला, तर त्यात समीक्षकाचाच सर्व दोष होता असे नाही. (बँग्जने पुढे आपले मत पालटले आणि तो डेट्रॉइटलाच राहावयास गेला.)

सिंक्लेअरशी संबंध १९६९ च्या मध्यास तुटले. जुलैत न्यायालयाने त्याला गांजाच्या दोन सिगारेटी वेषांतर केलेल्या पोलिसास दिल्याबद्दल साडेनऊ ते दहा वर्षांची सजा ठोठावली. १० डिसेंबर १९७१ रोजी त्याच्या सुटकेसाठी ॲन आर्बरला जी प्रचंड सभा भरली, तीत जॉन लेनन गायला, स्टीव्ही वंडर गायला, एम्. सी. फाइव्ह तेथे नव्हता. तीन दिवसांनी सिंक्लेअर सुटला. त्याच्या पक्षाचा अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनावरील टिकाऊ ठसा संगीतात नसून कायद्यात आहे. पक्षाच्या पुढाऱ्यांवरील खटल्यातून उद्भवलेल्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या जूनमध्ये एकमताने असा निर्णय दिला की, देशांतर्गत सुरक्षेच्या नावाखालीसुद्धा सरकारला न्यायालयीन परवान्यावाचून दूरध्वनी चोरून ऐकता येणार नाहीत.

बँडला अटलांटिक कंपनीने आश्रय दिला. जॉन लँडाऊ हा समीक्षक निर्माता म्हणून लाभला. त्याला शिस्त हवी होती. १९७० च्या आरंभीची ‘बॅक इन द यू. एस. ए.’ ही तबकडी त्या शिस्तीचे फळ : अकरा आखूड गाणी, एकूण अवघी अठ्ठावीस मिनिटे, पातळ ध्वनी, बास जवळपास लुप्त. ग्रँडीतील पहिली तबकडी सैल होती आणि ही अतिघट्ट. विक्रीत ती १३७ व्या क्रमांकावर अडली. १९७१ ची ‘हाय टाइम’ ही तिसरी तबकडी बँडने बहुतांशी स्वतःच्या समजुतीने केली. गीते वेगवेगळ्या सभासदांनी रचली आणि त्यात सभागृहाच्या ऊर्मीचा व स्टुडिओच्या कारागिरीचा मेळ खरोखर बसला. आजचे अनेक जाणकार तिला तिघींत श्रेष्ठ समजतात, आणि ते रास्त आहे. परंतु ती राष्ट्रीय यादीत कोठेच आली नाही, आणि अटलांटिकनेही करार संपवला.

मधल्या काळात पायाखालची जमीन सरकत होती. डेट्रॉइटची वस्ती १९५० साली साडेअठरा लाख होती, ती १९७० मध्ये पंधरा लाखांवर आली. मोठ्या मैदानांवरील व उत्सवांतील कार्यक्रम वाढले तसतसा ग्रँडीसारख्या सभागृहांचा काळ संपत आला. बँडवर कर्ज होते आणि हेरॉइनचे व्यसन शिरले होते. १९७२ च्या आरंभी डेव्हिस बाहेर पडला. युरोपच्या दौऱ्यांवर मिळकत होई. पण वर्षाअखेर टायनर व टॉम्प्सन ह्यांनी पुन्हा तिकडे जाण्यास नकार दिला, आणि क्रेमर व स्मिथ ह्यांनी उसने वादक घेऊन करार कसाबसा निभावला.

३१ डिसेंबर १९७२ रोजी पाचहीजण ग्रँडीत निरोपाच्या कार्यक्रमासाठी एकत्र आले. पूर्वी जेथे पाय ठेवावयास जागा नसे तेथे मोजकी माणसे होती. काही गाणी झाल्यावर क्रेमरने गिटार खाली ठेवली आणि तो निघून गेला.

त्यानंतर क्रेमर अमली पदार्थांच्या विक्रीपायी तुरुंगात गेला. केंटकीतील लेक्सिंग्टन येथील त्या तुरुंगात डेव्हिसही होता. लंडनच्या ‘द क्लॅश’ ह्या बँडने क्रेमरचा उल्लेख करणारे गीत १९७७–७८ च्या सुमारास केले, आणि सुटल्यानंतर पुष्कळ वर्षांनी क्रेमरने कैद्यांना गिटारी पुरवणाऱ्या आपल्या संस्थेस त्याच गीताचे नाव दिले. स्मिथने १९८० मध्ये पॅटी स्मिथ ह्या कवयित्री-गायिकेशी विवाह केला. टायनर १९९१ त, स्मिथ १९९४ त, डेव्हिस २०१२ त वारला. क्रेमर, सिंक्लेअर व टॉम्प्सन हे तिघेही २०२४ च्या फेब्रुवारी ते मे ह्या अवधीत गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात बँडचा समावेश झाला, तेव्हा पाचांपैकी कोणी हयात नव्हता. ग्रँडीची इमारत १९७२ नंतर ओस पडली. २०१८ साली तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली.