हिशेब म्हणून बांधलेले घर

प्रदर्शन म्हटले की भिंतीवर ओळीने टांगलेली चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु १९२३ साली जर्मनीतील वायमार या गावी जे प्रदर्शन भरले, त्यातील सर्वांत मोठी वस्तू होती एक राहते घर.

ते भरविले बाउहाउस या कलाशाळेने. चित्रकार आणि कारागीर यांच्यामधील अंतर मिटावे, या हेतूने वास्तुशिल्पी वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये ती स्थापिली होती. शाळा चाले थुरिंगिया सरकारच्या पैशावर. पुढे कर्ज देताना सरकारने अट घातली : आजवर काय केलेत, ते लोकांना दाखवा. इतक्या लवकर ही परीक्षा नको, असे शाळेतील अनेकांना वाटे. पण नाही म्हणण्याची सोय नव्हती.

काळ तर विलक्षण कठीण. मार्क दिवसागणिक मातीमोल होत होता. थुरिंगियाच्या बँकेने त्या वर्षी लाखो मार्कांच्या नोटा काढल्या, त्यांचा आराखडा याच शाळेतील हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याने केला. नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले!

अशा दिवसांत १५ ऑगस्टला प्रदर्शन उघडले. ‘कला आणि तंत्र : एक नवे ऐक्य’ ही ग्रोपियस यांची घोषणा. आरंभी हस्तकौशल्याचा घोष करणारी शाळा आता यंत्राशी सख्य जोडू पाहत होती, आणि त्याचा दाखला म्हणजे हे घर. आराखडा गेओर्ग मुखे या तरुण चित्रकाराचा, पैसा बर्लिनचे बांधकाम व्यावसायिक आडोल्फ झोमरफेल्ट यांचा. मध्ये उंचावरून उजेड घेणारी बैठकीची खोली, भोवती लहान खोल्या. घर कल्पिले होते नोकर न ठेवणाऱ्या कुटुंबासाठी. म्हणून स्वयंपाकघरात खिडकीखाली कामाचा ओटा आणि हाताशी कपाटे. मुलांच्या खेळण्यांच्या कपाटाचे दार उघडले की बाहुल्यांचा रंगमंच तयार!

हिशेब चोख दिला गेला. पण १९२४ च्या निवडणुकीनंतर उजव्या पक्षांचे सरकार आले आणि अनुदान निम्म्यावर आले. १९२५ मध्ये शाळा देसाऊला गेली. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बर्लिनमध्ये तिचा शेवट झाला.

मग प्रदर्शन फसले म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांनी पुरावा मागितला, त्यांची जागा पुरावा न मानणाऱ्यांनी घेतली; त्याचा दोष पुराव्याकडे जात नाही. प्रदर्शनाने सामान्य गृहस्थापुढे एक साधा प्रश्न ठेवला होता : घरात राबणाऱ्या बाईची पावले वाचतील, असे घर का बांधू नये? बसून रांधण्याची चूल जाऊन उभा ओटा आलेल्या आपल्या घरांतही हा प्रश्न परका नाही. ते घर अजून उभे आहे. १९९६ पासून त्याची गणना जागतिक वारशात होते.