रुळांचे सांधे कसे जोडतात : फिशप्लेट आणि थर्मिट वेल्डिंग

रेल्वेचा एक रूळ साधारण 13 मीटरचा. दोन रुळांच्या टोकांना दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या लावून चार बोल्ट आवळले की झाली फिशप्लेट. उन्हात लोखंड वाढतं म्हणून मधे थोडी फट ठेवतात. गाडीचा खडक-खडक आवाज त्या फटीचाच. चाकाचा मारही तिथंच बसतो, बोल्ट ढिले होतात.

म्हणून आता बहुतेक सांधे वेल्डिंगचे. कारखान्यात 20 रूळ जोडून 260 मीटरचं पॅनेल करतात. जागेवर मात्र थर्मिट: अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड (गंजच म्हणा) पेटवला की 2000 अंशांवर उष्णता होते, वितळलेलं पोलाद साच्यात उतरतं, टोकं एकजीव होतात. ही रीत जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटची.

थंडीत रूळ आकसतो, तेव्हा कच्चं वेल्डिंग तडकतं. कीमन रोज पायी फिरून सांधे बघतो. तरी रुळाकडेला शेत असणाऱ्यांना तडा किंवा निघालेली फिशप्लेट दिसली तर हात न लावता लगेच गेटमनला किंवा 139 वर कळवावं. गाडी समोरच आली तर रुळाबाहेर उभं राहून लाल कापड, नाहीतर दोन्ही हात जोरात हलवावेत. तडकल्या जागी जॉगल फिशप्लेट आणि क्लॅम्प लावून गाडी हळू काढतात, पक्कं वेल्डिंग नंतर.